चारच्या दोन रिंगा

“हॅलो?… आबा! अहो, दोन रिंगा झाल्या की ठेवायचं ठरलंय ना आपलं?… विसरला? मास्तर माणूस तुम्ही, आणि… व्हय, व्हय, जेवले. डबाच खाल्ला… आबा, समोर पॉलिसीचे पावणे बसलेत. बरं आहात ना? मग झालं. दोन रिंगा म्हणजे सगळं बरं. तिसरी वाजली तरच मी उचलायचा… हो, उद्यापासनं लक्षात ठेवा. ठेवू?”

हा सोमवार. मुरगूडहून रोज चारला जयसिंग मास्तर फोन लावायचे. कोल्हापुरात दीप्तीच्या विम्याच्या ऑफिसात दोन रिंगा वाजायच्या आणि थांबायच्या. न उचलताच बापाची खुशाली लेकीला पोचायची. मंगळवारी संध्याकाळी सातला मास्तर बसल्या जागी गेले.

दीड महिन्यानंतर ती टेबलावर कॉर्डलेस आणि हातात मोबाइल घेऊन चार वाजायची वाट बघत होती. कॉर्डलेस मुका राहिला. मोबाइल वाजला.

“हॅलो?… आई! लागला गं! मोबाइलवर आला!… अगं, ऑफिसचाच नंबर फिरवलास ना? मग! तिथनं इकडं वळवलाय… वळवलाय म्हणजे… उसाला पाणी पाजताना दारं मोडून दुसऱ्या सरीला सोडतो का नाही आपण? तसं… हो, हो, एक थेंब वाया न जाता!

“सकाळी?… सकाळी माझाच वेडेपणा. हँडसेटच्या कडेला बारीक बटण असतं, ते जुन्या पद्धतीच्या पल्सवर होतं. मी आपली फोन वळवायला स्टार दाबतेय, आकडे दाबतेय, एक्स्चेंजला काही कळतच नाही. मग लाइनमन कृष्णात म्हणाला, ताई, ते टोनवर सरकवा की… व्हय, आपला धोंडुबाईचा कृष्णात.

“अगं ऐक ना. आता मी पन्हाळ्याला असू दे नाहीतर वाडीला, तुझा फोन लागणार. दुसरा नंबर पाठ करू नकोस. हाच. आबांनी कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलाय तो… पुसलास?… नाही ना? पुसू नको.

“एवढा आटापिटा कशाला म्हणजे?… आई… मध्ये बोलू नकोस जरा. त्या मंगळवारी चारला मी बाहेर नव्हते. सगळ्यांना सांगितलं, बाहेर होते. ऑफिसातच होते. दोन रिंगा झाल्या. तिसरी वाजली, चौथी… अकरा मोजल्या. फोन हाताशी होता. समोर पावणे, म्हटलं आबा परत ठेवायला विसरले. मी उचलला नाही गं. त्यांना काहीतरी होत असणार, आणि मी…

“काय?… कोण आकाराम?… शेजारचा? थांब, थांब. नीट सांग.

“दारात उभा?… म्हैस व्यालेली सांगायला?… आणि आबा रिसीव्हर कानाला लावून त्याच्याशीच बोलत बसले? अकरा रिंगा?… तू ओरडलीस? काय म्हणून?… ‘ठिवा की ते, तिकडं पोरीचं काळीज उडंल’… अगं आई!

“आणि आबा?… हसले?… परत बोल. परत बोल ना… ‘न्हाय उचलला बघ. वळखती बापाला.’ असं म्हणाले?… मग?… खरवस खाल्ला? डॉक्टरांनी नको म्हटलेलं ना?… तळ्यापर्यंत गेलते? चालत?… काही दुखत नव्हतं?… नक्की?”

दीप्तीने मोबाइल दुसऱ्या कानाला घेतला. पहिल्या कानाकडचा गाल ओला झाला होता.

“नाही, रडत नाही… बरं, रडते. हसते पण आहे… तू आधी का नाही बोललीस?… मी विचारलंच नाही. व्हय. तेही खरं.

“उद्या चारला?… तू दोन रिंगा देतेस?… नको, आई. दोन रिंगा नकोत. तो ठराव माझा होता, आबांचा नव्हे. पावण्यांच्या समोर बोलायला नको म्हणून केलेला. आणि दुसरी रिंग थांबली की मलाच चुटपुट लागायची. रोज. वाटायचं, आज तिसरी वाजावी, आबांनी विचारावं, जेवलीस का. ‘तिसरी वाजवा’, एवढं म्हणायला काय लागतं? मी एकदाही म्हणाले नाही गं त्यांना…

“हॅलो?… आहेस ना?… मग उद्या वाजू दे. मी उचलते.”