पुन्हा पहिल्यापासून

मी न्हावी झालो यात दोष माझ्या बाबांचा — हलू नका, पाळकसाहेब, वस्तरा गळ्यावर आहे — सगळा दोष निव्वळ बाबांचा, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. काय, डाव्या कल्ल्याकडे बोट दाखवताय? तीनदा सारखे केले की हो! आता चौथ्यांदा हात लावला तर कल्ले कानाच्या वर जातील, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायला निघालात तो आजारी म्हातारा तुम्हाला बघून हसत हसत जाईल — तसं जाणं काही वाईट नाही म्हणा.

बाहेर बाकावर बसलीय ती त्याचीच मुलगी ना? बापाचं शेवटचं चाललंय म्हणून तुम्हाला न्यायला आलीय, आणि तुम्ही मांडीवर कागद घेऊन प्रार्थना खोडताय! बघितलं मी आरशात. ‘दयाळू’ खोडून ‘कृपाळू’, मग ‘कृपाळू’ खोडून परत ‘दयाळू’. अहो, देवाला दोन्ही चालतात!

आमचे बाबा शाळेत मुख्याध्यापक, चर्चमध्ये पंच, घरात काय ते विचारूच नका. रोज संध्याकाळी सगळे गुडघ्यांवर. प्रार्थनेत एक शब्द अडखळला की म्हणायचे, “पहिल्यापासून.” देवापुढे चूक चालत नाही म्हणे! जेवण गार, धाकटी गुडघ्यांवरच घोरतेय, आणि माझं पाचव्यांदा “हे स्वर्गीय पित्या”. मी तर संडासात बसून सराव करायचो — हसा, हसा, पण हनुवटी हलवू नका. कॉलेजात तोंडी परीक्षेला एक शब्द चुकला, तर मीच म्हणालो, “पहिल्यापासून.” अकरा वेळा! परीक्षक चहाला गेले ते आलेच नाहीत. मग मीही परत गेलो नाही. बाबा म्हणाले, नाक कापलंस. म्हटलं, आता दाढ्या करतो, लोकांची नाकं सांभाळून.

मला सांगा, क्रुसावर येशूच्या शेजारी टांगलेल्या त्या चोराने कधी कच्चा मसुदा केला होता? एक वाक्य, तेही धापा टाकत — आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या आधी स्वर्गात! कृपा म्हणजे काय ते आता मी तुम्हाला शिकवू? मी हल्ली अडखळतच बोलतो प्रभूशी, केस झाडता झाडता, मध्येच एखादी शिवीही जाते. तो कधी थांबवत नाही.

कधी सुटली ती सवय? सुटली अशीच — अशीच नाही, इस्पितळात. आई म्हणाली, माझ्यासाठी दोन शब्द बोल रे. बसलो गुडघ्यांवर. अडखळलो. पहिल्यापासून. परत अडखळलो. ती म्हणतेय, “असू दे, पुढे हो,” — पण मी ऐकतोय कुठे, मागे बाबा उभे! आणि त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नव्हते बरं का. मीच म्हणत होतो, पहिल्यापासून, पहिल्यापासून...

झालं. पुसा तोंड. कागद राहू दे इथेच. उठा म्हणतो ना, ती बाई दारात येऊन उभी राहिलीय, निघा!

सहाव्यांदा मी आमेनपर्यंत बिनचूक गेलो, साहेब. आई तोवर गेली होती.