फॉर्मात नसलेला मामा

हॅलो?... हॅलो, पवन? हो, मायच बोलून राह्यली, बोल रे... थांब, कुकर बारीक करून येतो... हं, बोल.

पोलीस? आले होते ना मंगळवारी! तुह्या संरक्षण खात्याच्या नोकरीची चौकशी कराले. हवालदार भला माणूस, बाप्पा. दोन कप चहा पेला. मी सारं नीट सांगतलं.

काय?... हो, थेबी इचारलं त्यानं. परदेशात कोणी नातेवाईक हाय का? म्हटलं, हाय ना! माहा भाऊ दुबईत हाय. तौकीर...

अरे, ओरडून काहून राह्यला?

फॉर्मात तू 'कोणी नाही' लिहिलं? कायले?... हो, मले सख्खा भाऊ नाही, मले माहीत नाही का! पण शेजारच्या गफ्फारभाईच्या तौकीरले मी तीस वर्षांपासून राखी बांधून राह्यली. तुह्या जावळाले तुले मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?... मंग? मामाच बसते ना?

हं... हं... म्हणजे तुहा कागद एक सांगते अन् तुही माय दुसरं. मंग साहेब काय म्हणते?... सोमवारपर्यंत खुलासा... नाही तर?

नोकरी जाईन?

अरे देवा. चार वर्षं अभ्यास केला रे तू... बरं, बरं, रडत नाही. सांग, मी काय करू?... लिहून देऊ? काय लिहून देऊ?

'तौकीर आमचा कोणी नाही'?

पण पवन, माहा हात नाही चालणार. पह्यल्या पगारात त्यानं मले मिक्सर पाठवला. अम्मीच्या आधी मले! कोणी नाही कसं लिहू?

मले एक सांग. तुह्या साहेबाले दुबईचा राग हाय का?... नाही? मंग कायचा?... लपवल्याचा! अरे, मंग सोपं हाय ना. लिही, सख्खा नाही, राखीचा हाय. तुह्या फॉर्मात राखीचा रकानाच नोता, त्यात तुही काय चूक?... हसू नको, खरंच लिही. सही मी करतो. उद्याच मंगरूळपीरच्या ठाण्यात जाऊन हवालदारालेबी सांगतो. चहा पेला ना त्यानं माह्या घरचा!

अजून काय इचारते थो कागद?... काम? एसी दुरुस्त करते म्हण... संपर्क किती वेळा? लिही, दर शुक्रवारी. दुपारची नमाज झाली का फोन येते त्याचा. दहा मिनिटं बोलते, त्यातले आठ तुह्याबद्दल...

थांब, थांब. दुसरा फोन येऊन राह्यला... थोच हाय! आज शुक्रवार नाही का... ठेव तू. नाही, ठेव! त्याले सांगू दे मले, का भाचा सरकारी कागदावर त्याले मामा लिहून राह्यला...

हॅलो, तौकीर?