वाहून गेलेलं वावर

तीर्थपुरीच्या स्टँडवर एसटी काही येईना, अन् उषाबाईंच्या कानांना पुढच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं आयतंच मिळालं.

"सगुणे, कुणाची ओटी भरून आलीस?"

"गोदामायची."

"काठावरचं वावर नेलं म्हणून तिला शिव्या देत व्हतीस की!"

"माझा भिवा सुट्टीला आल्ता. ती समिंदराला मिळती, तिथं तेलासाठी बोअर मारून राह्यला त्यो. त्याचे सायब म्हणले, तिथं लई मोठा खड्डा व्हता. करोडो वर्सं गाळ नेऊन नेऊन गोदामायनंच भरला."

"मंग तुझं वावर?"

"असंल की वरच्या थरात. लेकरू त्याच्यावरच उभं राहून भाकर खाऊन राह्यलं. मायनं बराबर सांभाळलं गं."

"भिवाला सांगितलंस?"

"तर! म्हणलं, पायातलं काढून चाल रं, आपलंच वावर हाय."