अध्यक्षबाई स्वयंपाकघरात

(वकिलांचं कार्यालय. टेबलाच्या एका बाजूला वकील, समोर त्यांची वहिनी. दाराबाहेरच्या बाकावर एक अशील वाट बघत बसलं आहे.)

वहिनी : ते सगळं राहू द्या भावजी. मला एवढंच सांगा, माझ्याच घरात मला स्वयंपाकघरात जाऊन थांबा म्हणायचा अधिकार या लोकांना दिला कोणी?

वकील : तुम्हीच दिलात, वहिनी. संस्थेच्या नियमावलीच्या प्रत्येक पानावर तुमची सही आहे.

वहिनी : सही केली, कारण तुम्ही म्हणालात इथे करा. सख्ख्या दिरानं पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं?

वकील : मी वाचून दाखवला होता. तुम्ही तेव्हा एका बाहुलीचा हात शिवत होतात आणि दर कलमाला 'हं' म्हणत होतात.

वहिनी : तो 'हं' बाहुलीला होता.

वकील : बरं. सभा कशासाठी होती, ते पहिल्यापासून सांगा.

वहिनी : खेळणीघराच्या जागेसाठी. आता तुम्हीच बघा, मी काय केलं होतं? खालच्या मजल्यावरच्या मुलाचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून लेकीची जुनी आगगाडी त्याला आठवडाभर खेळायला दिली. त्यानं ती परत आणली आणि विचारलं, दुसरं काय आहे? तिथून हे सुरू झालं. आज सगळ्या भागातली पोरं खेळणी नेतात, आणून देतात. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या दादांना पेपर वाचायला जिन्यात बसावं लागतं.

वकील : दादा कधी तक्रार करत नाही.

वहिनी : तक्रार नाही करत. जिन्यात बसतात.

वकील : मग?

वहिनी : मग मी ठराव मांडला. माझ्या भावाचा हॉल रिकामा आहे, आमच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. म्हटलं तोच भाड्यानं घेऊ. भाऊ आहे, काही चढं भाडं लावणार नाही. सगळे आपले सतरंजीकडे बघत बसले. आणि तुमच्या दादांनी घसा खाकरला. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी घसा खाकरलेला मी ऐकला नव्हता.

वकील : सचिव आहे तो संस्थेचा.

वहिनी : सचिव मी केलं त्यांना. दुसरं कोणी तयार होईना म्हणून. तर चष्मा लावला, नियमावली काढली आणि वाचलं. ज्याचा किंवा ज्याच्या नातेवाइकाचा विषयात फायदा असेल, त्यानं तसं सांगावं आणि चर्चा, मतदान होईपर्यंत खोलीबाहेर थांबावं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणतात, अध्यक्षबाई, कृपया. 'कृपया' म्हणाले, भावजी. जेवताना मीठ मागतानासुद्धा कधी म्हणत नाहीत.

वकील : बरोबर केलं त्यानं. भाडं देणार तुमची संस्था, घेणार तुमचा भाऊ, आणि द्यावं की नाही हे ठरवणार तुम्ही. उद्या तो हॉल कितीही चांगला निघाला तरी लोक म्हणणार, बाईंनी माहेरची सोय लावली. तो नियम तुमची अब्रू राखायला आहे.

वहिनी : अब्रू राखायला मला ओट्याशी उभं करतात?

वकील : सभा तुमच्या घरी होती, त्याला नियम काय करणार? पण एक मिनिट. तुमचा भाऊ म्हणजे दादाचा मेहुणा. मग दादालाही बसता येणार नाही.

वहिनी : आलेच की मागोमाग. फाइल दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, म्हणाले, मेहुणा म्हणजे नातेवाईकच, आता सभा तुम्ही चालवा. आणि आले चहाचं भांडं शोधत.

वकील : समितीत सात जण, त्यांतले दोघं बाहेर, पाच आत. गणपूर्ती होते. अगदी चोख सभा झाली तुमची. माझ्याकडे मोठमोठ्या संस्था येतात, त्यांना हे जमत नाही.

वहिनी : कौतुक मागून करा. आधी तो ठराव रद्द करून द्या. त्या पाच जणांनी एकमतानं भावाचा हॉल नाकारला आणि बसथांब्याजवळची तळमजल्यावरची खोली घ्यायचं ठरवलं. पूर्वी पोस्ट होतं तिथे.

वकील : रद्द करायला कुठेतरी चूक सापडावी लागते. मला सापडत नाही.

वहिनी : मग संस्थाच बंद करा. मी काढली, मी मोडते.

वकील : एकट्यानं मोडता येत नाही. सगळ्या सभासदांची खास सभा बोलवावी लागते, बहुतेकांना हो म्हणावं लागतं. आणि मोडलीत तरी खेळणी तुमच्याकडे येणार नाहीत. असंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला जातील.

वहिनी : लेकीची आगगाडीसुद्धा?

वकील : ती तुम्ही पहिल्याच दिवशी संस्थेला देऊन टाकलीत. मोठ्या हौसेनं.

वहिनी : म्हणजे माझं काहीच नाही त्यात.

वकील : मालकीचं नाही. संस्थेला मालक नसतो, वहिनी. म्हणून तर लोक आपल्या मुलांची जपलेली खेळणी तुमच्या दारात आणून ठेवतात. त्यांना खात्री असते, की उद्या बाई रुसल्या तरी खेळणी पोरांचीच राहतील.

वहिनी : मी रुसलेली नाही.

वकील : छे. तुम्ही कायदेशीर सल्ल्यासाठी आला आहात. एरवी येताना माझ्यासाठी डबा असतो, आज नाही, एवढंच.

वहिनी : खरं सांगू का भावजी? हॉल नाकारला, त्याचं मला इतकं लागलं नाही. पण आमच्या त्या भिंती कशा आहेत तुम्हाला ठाऊक आहे. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. जुळ्यांचे बाबा म्हणाले, एक या काखेत, एक त्या काखेत घेऊन दोन मजले कसे चढू? मग सुतारकाका बोलले. तेच आमची मोडकी खेळणी दुरुस्त करतात. म्हणाले, ती कुबड्यांवरची मुलगी आत्ताही खाली फाटकापाशीच थांबते. तिची आई वर येते आणि तिच्यासाठी खेळणं निवडून नेते. स्वतः निवडायला तिला एकदाही मिळालेलं नाही.

वकील : तुम्हाला माहीत नव्हतं?

वहिनी : मला वाटायचं, तिला खाली उन्हात थांबायला आवडतं. मी खिडकीतून हात करायचे तिला. तीही करायची.

वकील : हे त्यांनी आधी का सांगितलं नाही?

वहिनी : बालवाडीच्या बाईंनी तेच विचारलं. तर सुतारकाका म्हणाले, ताईंसमोर कसं बोलायचं? इतकं करतात त्या. आणि ते खरंच आहे. मी असले की ही माणसं 'हो ताई' सोडून दुसरं बोलत नाहीत. मला वाटायचं, किती एकमत आहे आमच्यात. मी बाहेर गेले आणि एकेकाला वाचा फुटली. हसतसुद्धा होते. संध्याकाळी खोली उघडी ठेवू म्हणजे कामावरून येणाऱ्या आयांना जमेल, असं काय काय चाललं होतं. सगळं चांगलंच होतं हो. तेच लागलं.

वकील : आणि दादा काय करत होता?

वहिनी : सगळ्यांचा चहा. मी चिडून म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? तर म्हणाले, "तुला तो हॉल नकोच होता. खेळणी लांब जायला नको होती."

वकील : मग?

वहिनी : खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते. मागची गल्ली, किल्ली माझ्याकडे, वाटेल तेव्हा जाऊन बसता आलं असतं. म्हटलं, लेक सासरी गेली, आता खेळणीही निघाली. या घरात उरतं काय? तर म्हणाले, "मी उरतो."

वकील : दादा म्हणाला असं?

वहिनी : चहा गाळता गाळता. वर बघितलंही नाही.

वकील : हं.

वहिनी : हा 'हं' कोणाला?

वकील : मी त्याचा धाकटा भाऊ आहे, वहिनी. लहानपणापासून एका खोलीत झोपलो आम्ही. इतकं बोललेलं मी त्याला ऐकलेलं नाही.

वहिनी : मी तरी कुठे ऐकलं होतं? मी कपबश्या मांडत राहिले. साखर घालायची ते विसरले, माझ्याही लक्षात आलं नाही. आत सगळ्यांनी तसाच प्यायला. कोणी काही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, छान झालाय.

वकील : दातांच्या डॉक्टर आहेत त्या. मग आता काय करू? ठरावाविरुद्ध अर्ज लिहायला घेऊ?

वहिनी : थट्टा करू नका. हा त्या पोस्टाच्या खोलीचा करार. परवा सह्या आहेत. सावकाश वाचा, आज माझ्या हातात शिवण नाही.

वकील : म्हणजे हा पिशवीतच होता? मग अर्धा तास माझ्याशी भांडलात कशाला?

वहिनी : घरी भांडायची सोय राहिली नाही ना. 'मी उरतो' म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? आणि हे बघा, त्या दाराला उंच उंबरा आहे. तो काढून तिथे उतार करून द्यायचा, हे मालकाकडून लिहून घ्या. नुसतं तोंडी नको.

वकील : लिहितो. अजून काही?

वहिनी : माझी अध्यक्षपदाची मुदत कधी संपते?

वकील : येत्या वार्षिक सभेला. पण तुम्हाला पुन्हा उभं राहता येईल, नियमात बसतं.

वहिनी : नको. बालवाडीच्या बाईंना विचारू. आतून सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच येत होता.

वकील : नीट विचार करा, वहिनी. मग तुम्ही साध्या सभासद. सह्या त्यांच्या, किल्ली त्यांच्याकडे. सभेत हात वर करून बोलायचं.

वहिनी : केला विचार. फक्त एक सांगा. खेळणी पुसायला अध्यक्ष असावं लागत नाही ना?

वकील : नाही, वहिनी. फडकं लागतं फक्त.