वॉकरवरच्या शेवया

हसू नका, सांगते. पोलिओमुळे वॉकरशिवाय मला मोरीपर्यंतही जाता येत नाही. परवा दुपारी झोपून उठले, तर खाटेजवळ वॉकरच नाही! अंगणात गल्लीतल्या बायका शेवया करत होत्या. मी ओरडले, "वहिनी, मन्हा वॉकर कोठे शे?"

"आठे, आंगनमा. काठ्या पुरन्यात नही, मंग त्यावरच शेवया वाळत घाल्यात."

"माले मोरीमा जानं शे!"

"दम धर ना बहीन, वल्या शेतस आजून."

शेवटी दोघींनी पिठाच्या हातांनी मला धरून मोरीत नेलं. काम आटोपून घरी जाताना समोरच्या काकू म्हणाल्या, "उद्या आमना घर शेवया शेतस."

मी लगेच विरघळले आणि यायचं कबूल केलं. "येसू ना, काकू!"

"तू नही उनी तरी चाली. वॉकर धाडी दे."