चैतरामची खाजेची गोळी आणि केशोरावची जोडी

...आणि वरून लोक म्हणाले, बैल बिघडले! अहो, बैलांचा काय दोष, तुम्हीच सांगा! गोळी बैलांनी खाल्ली होती का? गोळी खाल्ली चैतरामनं, आणि एक नाही, दोन नाही... थांबा, त्याचा हिशेब मागाहून. आधी खाज ऐका. खाजेशिवाय ही गोष्ट जागची हलत नाही.

तर तुम्हाला सांगतो, बिरसीकडचा आमचा चैतराम. धान चुरायला, म्हणजे मळायला, लागले की त्या कुसळानं, त्या धुळीनं ह्याच्या अंगावर गांधी उठतात. उठतात म्हणजे कशा? पाठीवर जिल्ह्याचा नकाशा! ही देवरी, हे नवेगाव बांध, आणि हाताला येत नाही ते मधलं सारं खाजतं! त्या साली तर माणूस गोठ्याच्या खांबाला पाठ घासून घासून खांबच बारीक करून बसला. ह्या कुशीवर खाज, त्या कुशीवर खाज, बसला तर उठावंसं वाटे, उठला तर पळावंसं. शेवटी बायको रुख्मा वैतागली, म्हणाली, "अजी, चला दवाखान्यात! नाई त तो खांब पडून गोठा अंगावर येईन!"

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, गोळी लिहून दिली. रात्री जेवल्यावर एक. फक्त एक. गोंदियाच्या औषधवाल्यानं पाकीट देताना बजावलं, तेही त्याच्या त्या गोंदियाच्या हिंदीत, "देखो काका, इससे नींद आती है. गाड़ी नहीं चलाना, मशीन पे नहीं बैठना, दारू तो बिल्कुल नहीं. और सर्दी की गोली खुद से साथ में मत लेना, उसमें भी यही चीज रहती है." एवढ्यानं राहिला नाही. वर आभाळात बोट दाखवून म्हणतो, "वो बिरसी में लड़के हवाईजहाज सीखते हैं ना? उनको ये गोली खाके बैठने नहीं देते!"

आता ह्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? बरं, म्हणावं. चैतराम काय म्हणाला? "मी काय विमान उडवून राहिलो? मी त बैल हाकतो. बैलाले रस्ता मालूम आहे! आन खाजेची गोळी आहे, झोपेची थोडीच!"

आणि गंमत पहा, चार रात्री त्यानं गोळी घेतली, चारही रात्री ढाराढूर झोपला, आणि सकाळी बायकोलाच शिकवतो, "पाहिलं? गोळीनं काही झोप-बीप येत नाई." रुख्मा म्हणते, "मंग रातभर घोरून कोन राहिलं होतं?" "ते रात होती म्हनून! रातीले झोप येतेच. खाजेची गोळी आहे, झोपेची थोडीच!" आता ह्या वकिलाला कोण उत्तर देईल?

इथपर्यंत सारं ठीक होतं हो. पण आला शंकरपट! म्हणजे दोन दिवस बैलजोड्यांच्या शर्यती, एकेक जोडी सुटते आणि घड्याळ लावून सेकंद पाहतात. जोडी केशोरावची. एका बैलाचं नाव कलेक्टर, दुसऱ्याचं तलाठी. कलेक्टर जोर करतो, तलाठी आडवा लागतो, म्हणूनच जोडी सरळ धावते असं केशोराव सांगतात. बैल केशोरावचे, पण बांधलेले चैतरामच्या गोठ्यात, आणि पटात कासरा धरायचा मान चैतरामचा. चारा टाकते कोण, पाणी पाजते कोण, पोळ्याला शिंगं रंगवते कोण? रुख्मा! पण मान चैतरामचा. आदल्या साली जोडी तिसरी आली, तेव्हाच केशोरावांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं होतं, "चैतराम, आता एक डाव पाहीन. या पटात जोडी नाई धावली त कासरा दुसऱ्याच्या हाती." त्या दिवसापासून हा माणूस झोपेतसुद्धा "हुर्र हुर्र" करायचा. त्याच्या जिवाला दुसरं होतं काय सांगा! लोक त्याला चैतराम म्हणून ओळखत नाहीत हो, कलेक्टरचा हाकणारा म्हणून ओळखतात!

पटाची सकाळ. जोडीचा नंबर अकरावा. आणि नेमकी नऊ वाजता खाज! अंगात नवी बंडी, पटातली धूळ, आणि पाठीवर पुन्हा देवरी, नवेगाव बांध, सारा जिल्हा! कासरा धरायचा का पाठ खाजवायची? हात तर दोनच. काढली गोळी, गिळली. पाव तास झाला, खाज तिथंच. आता गोळी म्हणजे काय बिजलीचं बटन आहे? पण ह्याला दम कुठं! दुसरी गिळली. रुख्मा ओरडली, "अजी, रातची गोळी सकाळी काऊन खाऊन राहिले? तेही दोन-दोन?" "चूप व! खाजेची गोळी आहे, झोपेची थोडीच!"

एवढ्यात आला साळा, जागेश्वर. असे साळे देव कुठून पैदा करतो कोण जाणे. चैतराम धुळीनं शिंकत होता, तर ह्यानं खिशातून सर्दीची गोळी काढली, "घ्या भाऊजी, नाक बंद." घेतली! झाल्या तीन. अहो, औषधवाला गोंदियाहून घसा फोडून सांगत होता ना? मग जागेश्वरनं दुसऱ्या खिशातून मोहाची बाटली काढली, "आन हा एक घोट मारा, हिंमत येते." पण इथं रुख्मा आली. भावाच्या हातून बाटली घेतली आणि बाभळीच्या बुंध्याशी पार उलटी केली. "तुयी हिंमत तुयापाशी ठेव, लेका! माह्या नवऱ्यावर दुकान काऊन मांडलं?"

अकरा वाजले. नवव्या नंबरला चैतरामची जीभ कोरडी. दहाव्याला मान छातीवर. भोंग्यावर पुकारलं, "अकरा नंबर, केशोरावजींची जोडी, कासऱ्यावर चैतराम!" चैतराम छकड्यावर बसला, डोळे अर्धे, तोंड पूर्ण उघडं. केशोराव मोटरसायकलवर बसून घड्याळ धरून. झेंडा पडला!

आता ही जोडी चैतरामच्या "हुर्र" शिवाय पाऊल टाकत नाही. इतकी सवय. आणि त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालं काय? जांभई! अशी लांब जांभई, तुम्हाला सांगतो, की पहिल्या रांगेतल्या चाळीस माणसांनी लागोपाठ दिली आणि पंचानं घड्याळ खाली ठेवलं! बैलांनी जन्मात पटात जांभई ऐकली नव्हती. कलेक्टरनं तलाठ्याकडे पाहिलं, तलाठ्यानं कलेक्टरकडे पाहिलं, दोघांचं ठरलं की चैतराम दमला, घरी न्यावं. आणि निघाले! पळत नाही हो, चालत. अर्ध्या पटातून आडवे वळले, बांध ओलांडला, घराची वाट धरली. लोक हसून हसून लोळले. "बैलाले रस्ता मालूम आहे!" तो खोटं बोलला नव्हता ना!

हसली नाही एक रुख्मा. ती धावत सुटली. कारण तिला दिसलं की नवरा एका अंगाला कलतो आहे, अजून वीतभर कलला तर चाकाखाली. आणि जोडी रोजच्यासारखी उधळली असती तर? नको, ते बोलू नये. तिनं चालत्या छकड्यावर उडी मारली, ह्याचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर थापा मारल्या, "अजी! उठा! अजी!" तो डोळा उघडे, "ऊं" म्हणे, पुन्हा बंद. "जागेश्वर! दवाखान्यात फोन लाव!" जागेश्वर बांधावरूनच फोन कानाला लावून ओरडला, "ताई, डाक्टरीन म्हनते, असेल तसा घेऊन या! गोळीचं पाकीटही आना!"

मग काय! एका हातात नवरा, एका हातात कासरा. आणि तुम्हाला सांगतो, रुख्मानं जी हाक दिली... "हुर्रऽऽऽ!" त्या हाकेनं बिरसीवरचं विमान एक गिरकी जास्त मारून गेलं! कलेक्टर आणि तलाठी असे सुटले, असे सुटले की केशोरावांची मोटरसायकल मागं. अहो, पेट्रोल भरलेली मोटरसायकल!

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, पाकीट पाहिलं, श्वास पाहिला, आणि काय झाप झापलं! "एकासारख्या एक तीन गोळ्या? त्यात दारू पोटात गेली असती तर श्वासावर आलं असतं, कळतं का?" जागेश्वर भिंतीला पाठ लावून भिंतीतच शिरला. रुख्मा खाटेपाशी बसून नवऱ्याची छाती वर-खाली होते का ते पाहत राहिली. एक नजर हलली नाही बाईची.

दुपार कलली तेव्हा चैतरामनं डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न, "किती सेकंद?"

रुख्मा म्हणाली, "साडेचार घंटे."

बिचाऱ्यानं पाठ चाचपली. मग अगदी बारीक आवाजात, "रुख्मे... खाजेची गोळी होती ना?" ती म्हणाली, "खाज गेली ना? आता रातीले एक. तेही मी देईन. पाकीट माह्यापाशी."

तेवढ्यात केशोराव आत आले. चैतरामला वाटलं, आले आता कासरा मागायला. उठून बसायला लागला, हात जोडायला लागला. केशोरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही हो! रुख्माकडे वळून म्हणाले, "वहिनी, पटापासून इथवर किती मिनिटं लागली, तुम्हाले मालूम आहे का? मी पाहून राहिलो होतो. पंचाशी बोलून आलो, उद्या जोडीले पुन्हा नंबर आहे. कासऱ्यावर तुमी."

आणि दुसऱ्या दिवशी रुख्मा धावली. पहिला नंबर! लोकांनी भोंगा उचलून नाचवला. तेव्हापासून प्रत्येक पटात तीच बसते, आणि चैतराम काठावर उभा असतो, हातात बैलांच्या पाण्याची बादली. परवा मीच खोडी काढली, म्हटलं, "का गा चैतराम, तुझा नंबर कधी?" बादली खाली ठेवून म्हणाला, "कायचा नंबर, बापा! आमच्या घरी आता तिघं धावतात. दोघाले शिंगं आहेत, आन तिसरीच्या हाती कासरा. मी कोनासमोर उभा राहू?"