घरच्या चिंधीवरचा टाका

चंद्रपूरच्या कॉम्प्युटर दुकानात रांगेत उभ्या सुगंधाबाईंचे कान पुढच्या बापलेकीकडे लागले होते.

"भाऊ, लॅपटॉपात ही लिनक्सची सीडी टाकून पाहू द्या."

"विंडोज हाये ना त्यात. काऊन झंझट करते?"

"कॉलेजचं सारं काम विंडोजवर नाई, लिनक्सवर हाये. त्यात मोडेम नाई चालला तं आलापल्लीत मी इंटरनेट कुठून आणू?"

"रसूलभाऊ, समजवा ना पोरीले!"

"मी टेलर माणूस. मशीन घेतांना घरचाच दोरा ओवतो, घरच्याच चिंधीवर टाका पाहतो. टाकू द्या सीडी."

"बरं, टाक बाप्पा."

"अब्बा, लिनक्स चालू झालं, स्पीकरचा आवाज येते. पण मोडेम दिसून नाई राह्यला."

"मंग हा परत ठेवा, भाऊ. दुसरा काढा."

"अन् त्यातबी नाई दिसला तं?"

"तिसरा काढा. बाई, तुमी समोर व्हा. आमाले वेळ लागंल."